पूर्ण नाव सांगा

"पूर्ण नाव सांगा," वझलवार साहेब म्हणाले.

"भागरथा," काकू म्हणाली.

"पूर्ण."

भागरथाकाकूनं डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. नगरपरिषदेची पाण्याची टाकी होती आणि तिच्याखाली एक सायकल उभी होती.

"आजी, नुसतं भागरथा चालणार नाही. तुमचं नाव, नवऱ्याचं नाव, मग आडनाव. तुमच्या तोंडानं सांगा."

"थे तर कागदावर लिवलंच हाय नं, साहेब."

"कागदावर काय आहे ते मी वाचलंय. कागदावर अंगठा आहे. तो तुमचाच आहे हे मला तुमच्याकडून ऐकायचंय."

बोडीच्या काठावर उभी राहून जिचा आवाज थेट बसस्टँडपर्यंत जायचा, ती भागरथाकाकू त्या सभागृहात नव्या नवरीसारखी खाली मान घालून उभी होती. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा. हरकतदाराची ओळख पटली नाही. हरकत विचारात घेतली नाही."

मी लिहिलं. माझं कामच ते होतं.

तेव्हा मी नगरपरिषदेत रोजंदारीवर टंकलेखक होते. आमच्या टोलीतून, म्हणजे मासेमार ढिवरांच्या वस्तीतून, दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यात लघुलेखनाची परीक्षा पास झालेली. कायमचा स्टेनो कावीळ होऊन घरी पडला होता, म्हणून सुनावणीचं इतिवृत्त लिहायला मला बसवलं होतं. मुख्याधिकाऱ्यांनी आदल्या दिवशी केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "तू त्याच टोलीची आहेस हे मला माहीत आहे. उद्या सभागृहात तू नगरपरिषदेची. तिथं तुझी आई नाही, काकू नाही, कोणी नाही. ओळख दाखवलीस तर परवापासून येऊ नकोस." मी मान हलवली. घरात नियमित येणारा पैसा तेवढाच होता.

घरी आईला सांगितलं तर ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "बरोबर बोलला थो. तू तिथं माही नाहीस. मी तुले पायनार नाही, तू मले पाऊ नको. नोकरी सांभाळ. बोडीचं आमी पाहून घेऊ."

बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. आमच्या गावाच्या उत्तरेला एक होती, अजूनही आहे, तिला सगळे शिंगाडा बोडी म्हणतात. मधलं खोल पाणी मासेमारांच्या सोसायटीचं आणि कडेच्या उथळ पाण्यात ढिवर टोलीतल्या बायका शिंगाडा लावायच्या. दिवाळीच्या पुढेमागे तोडायचा, उकडायचा आणि टोपलीत घेऊन बसस्टँडवर विकायचा. वर्षाचं मीठमिरची, पोरांची पुस्तकं, लुगडं, सगळं त्या उथळ पाण्यातून निघायचं. उथळ पाण्याचा ठेका माझ्या आईच्या नावावर होता. बाकीच्या बायका त्या ठेक्यात भागीदार.

त्या उथळ पाण्यावरच डहाके नावाच्या ले-आउटवाल्यांनी प्लॉट पाडले होते. 'सरोवर विहार' असं नाव. नाव वाचून मला हसू आलं होतं, कारण सरोवर बुजवूनच तो विहार होणार होता. मुरूम टाकून काठ भरायचा, त्यावर रस्ते काढायचे आणि घरं बांधायची, असा बेत. पण गावाच्या विकास नकाशावर ती जागा हिरव्या रंगात होती, म्हणजे तिथं बांधकाम करता येत नव्हतं. डहाक्यांना तिथं पिवळा रंग हवा होता, म्हणजे राहण्याची जागा. रंग बदलायचा तर लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. नगररचना विभागानं त्यासाठी नागपूरहून वझलवार साहेबांना पाठवलं होतं. हरकती टिकल्या नाहीत, तर त्याच संध्याकाळी रंग बदलल्याची शिफारस जाणार होती. मुरमाचे ट्रक बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आधीच येऊन उभे होते.

हरकती आल्या फक्त वीसेक, आणि त्या सगळ्या बायकांच्या. टोलीतल्या पुरुषांपैकी एकानंही सही केली नव्हती. डहाक्यांनी कोणाला चौकीदारी कबूल केली होती, कोणाला मुरमाच्या गाडीवर काम, कोणाला नुसती संध्याकाळची सोय. बायकांना कोणी काही कबूल केलं नव्हतं, त्यामुळे त्या मोकळ्या होत्या.

आणि त्यांना अडवायला डहाक्यांनी चोपकर वकील आणला होता. बाहेरचा आणला असता तर बायकांनी त्याला नाचवला असता. पण चोपकर आमच्याच भागातला, शेजारच्या गावचा. सुनावणी सुरू होताच तो उठला आणि फार नम्रपणे म्हणाला, "साहेब, या हरकतींवर सगळे अंगठे आहेत. नावंही सारखीच. यात तीन दुर्पता आहेत, दोन कौतिका आहेत. एकाच बाईनं सगळे अंगठे मारले नाहीत कशावरून? माझी एवढीच विनंती आहे की प्रत्येकीनं आपलं पूर्ण नाव नवऱ्याच्या नावासकट स्वतःच्या तोंडानं सांगावं. जिला सांगता येणार नाही तिची हरकत बाद करावी."

फोटोची ओळखपत्रं तेव्हा आमच्याकडे यायची होती. साहेबांना विनंती रास्त वाटली. मला मात्र चोपकरच्या मिशीत हसू दिसलं. त्याची आईही कुठल्याशा बोडीच्या काठावरच म्हातारी झाली होती, आणि तिनंही जन्मात कधी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नसणार. आमच्याकडे बाई नवऱ्याला 'आमचे थे' म्हणते, 'पोराचा बाप' म्हणते, नाहीतर नुसता हात करून दाखवते. नाव उच्चारायचं नाही. उच्चारलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. बाप्यांची आयुष्यं कशानं कमी होतात ते आम्हाला दारूच्या दुकानाकडे पाहून कळत होतं, पण नियम तो नियम. साहेब शहरातले होते, त्यांच्या हे ध्यानात आलं नाही. चोपकरच्या आलं, आणि त्यानं आपल्या आईचीच रीत आमच्या आयांच्या गळ्यात फास करून टाकली.

मला इतका राग आला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

भागरथाकाकूनंतर कौतिकाबाई उभी राहिली. तिनंही पूर्ण नाव सांगितलं नाही. "आमच्या थ्यायले सारं गाव ओळखते साहेब, भजनात ढोलकी वाजोते नं थे," एवढंच ती म्हणाली. मी लिहिलं, ओळख पटली नाही. बसलेल्या बायकांत कुजबूज सुरू झाली. डहाके पुढच्या खुर्चीत पाय लांब करून बसले होते. त्यांनी पान तोंडात टाकलं.

मग शिपायानं आवाज दिला, "दुर्पता मारबते."

आई उठली. सकाळी शिंगाडे तोडूनच आली होती. लुगड्याच्या काठाला शेवाळ होतं आणि बोटं काट्यांनी टोचून लाल झालेली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ठरल्याप्रमाणे मीही कागदावरून नजर वर केली नाही. पण शेवटच्या बाकावर कोणीतरी खाकरलं आणि ते खाकरणं मी ओळखलं. माझे वडील तिथं बसले होते.

सुखदेव मारबते. मी दुसरीत असताना ते दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेले. जाताना जाळं आणि डोंगा विकून गेले. डोंगा म्हणजे आमची एका खोडाची होडी, तीच आमची भाकर होती. आईनं रडारड केली नाही. तिनं शेजाऱ्याचा डोंगा भाड्यानं घेतला, गळ्याएवढ्या पाण्यात उतरून शिंगाडा लावायला शिकली आणि मला शाळेत घातलं. आता इतक्या वर्षांनी वडील परत गावात आले होते ते डहाक्यांचे चौकीदार होऊन. ले-आउटच्या पाटीखाली खाट टाकून बसायचे. प्लॉटांपैकी एक त्यांनाही मिळणार अशी बोली होती. आई त्या रस्त्यानं जायची, पण त्या खाटेकडे पाहायची नाही.

त्यांचं नाव तिनं कधीच घेतलं नव्हतं. ते होते तेव्हा मानापोटी, गेल्यावर रागापोटी.

"पूर्ण नाव सांगा," साहेब म्हणाले.

"दुर्पता."

"पुढे?"

चोपकर खुर्चीत मागे रेलला. साहेबांनी माझ्याकडे वळून "लिहा" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "साहेब, एक इचारू? नाव सांगा म्हनता तुमी. थे काही मले सांगता येत नाही. नाव घेतलं तर चालन?"

साहेबांना कळेना. "सांगितलं काय, घेतलं काय, एकच की."

"एक नाही साहेब. सांगनं येगळं नं घेनं येगळं. पन तुमाले चालत असन तर मी घेतो."

"घ्या. नाव यायला हवं, एवढंच."

आईनं पदर सारखा केला. मग लग्नमांडवात नवरी उभी राहते तशी ती सरळ उभी राहिली, आणि शेवटच्या बाकाकडे तोंड करून, साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल असं तिनं नाव घेतलं:

"शिंगाड्याले काटे दोन, बोडीले चार काठ,
सुखदेवानं फिरोली तशी मी नाही फिरवत पाठ."

क्षणभर कोणाला काही समजलंच नाही. मग कौतिकाबाईनं एक टाळी वाजवली आणि सगळ्या बायका हसायला लागल्या. शिपाई दाराशी तोंडावर रुमाल धरून उभा राहिला. नाव घेताना बाई नवऱ्याच्या नावापुढे 'जी' लावते, 'राव' लावते. आईनं काही लावलं नव्हतं. नुसतं सुखदेव. मला शेवटच्या बाकाकडे बघायची फार इच्छा झाली, पण मी पाहिलं नाही.

चोपकर तटकन उठला. "साहेब, हे काय चाललंय? हा काय लग्नाचा मांडव आहे का? ही सुनावणी आहे."

"वकीलसाहेब, तुम्हीच म्हणालात, नवऱ्याच्या नावासकट, स्वतःच्या तोंडानं," साहेब म्हणाले. "नाव आलं की नाही?"

"पण हे असं..."

"कसं यावं ते तुम्ही सांगितलं नव्हतं." मग मला म्हणाले, "काय म्हणाल्या त्या, तसंच लिहा. शब्द बदलू नका. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर मला तोंडावर पडायचं नाही."

मी दोन ओळी लिहिल्या. अक्षर चांगलं आलं. नगररचनेच्या इतिवृत्तात अशा ओळी त्याआधी कोणी लिहिल्या असतील असं मला वाटत नाही.

"साहेब," भागरथाकाकू मागून ओरडली. आता तिचा आवाज परत आला होता. "आमाले नाही सांगलं घेतलेलं चालते म्हून. आमचं पुन्हा घ्या."

साहेबांनी चोपकरकडे पाहिलं. चोपकर काही बोलायच्या आतच काकू टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि विचारायची वाट न बघता म्हणाली:

"पिवळ्या कागदावर बांधते लोकं घरं,
श्रावनजीचा डोंगा तिथं चालला, हे खरं."

"कुठं चालला?" साहेबांनी विचारलं. आता ते थोडे पुढे वाकले होते.

"थे मोठी सडक हाय नं त्यायच्या नकाशात? मधातली? थितंच. जाळं टाकाचे आमचे थे. मानूसभर पानी हाय पावसाळ्यात."

"लिहा," साहेब मला म्हणाले. "हेही लिहा."

मग कौतिकाबाई. तिनं आधी नवऱ्याची क्षमा मागितल्यासारखे हात जोडले आणि म्हणाली:

"नकाशावर सडक, सडकेवर पानी,
कवडूजीचं नाव घेतो, सडक बुडोली कोनी?"

आता तर खिडकीतूनही लोक डोकावत होते. एकामागून एक बायका येत होत्या. कोणी जुळवून आणलं होतं, कोणाचं जुळत नव्हतं तर मागची दुसरी सुचवत होती. एका म्हाताऱ्या बाईला यमक सापडेना, तेव्हा तिनं नुसतं नाव घेतलं, जीभ चावली आणि "माफ कराल हो" असं छताकडे बघून म्हणाली. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. प्रत्येकीच्या नावाबरोबर बोडीचं काहीतरी येत होतं. कोणाचा बैल कुठं बुडाला होता, कोणी कुठं शिंगाडा लावला होता, कोणतं पाणी उन्हाळ्यातही आटत नव्हतं. साहेब सगळं लिहायला लावत होते. डहाक्यांचं पान तोंडातच राहिलं होतं. चोपकर त्यांच्या कानाला लागला होता.

मला वाटलं, आपण जिंकलो. पण चोपकर इतका सोपा नव्हता.

बायका संपल्यावर तो परत उठला. आता तो नम्र नव्हता. "साहेब, मी आक्षेप नोंदवतो. ही गाणी आहेत. गाण्यात कोणीही कोणाचंही नाव घेईल. बाकीच्या जाऊ द्या, पाण्याचा ठेका ज्या दुर्पताबाईच्या नावावर आहे तिची हरकत हीच खरी. तीच टिकली नाही तर बाकीच्यांना हरकत घ्यायचा हक्कच उरत नाही. आणि टोलीत दुर्पता तीन आहेत. हीच ती कशावरून? बाकीच्या बायकांचं ओळख सांगणं मी मानणार नाही, त्या सगळ्या भागीदार आहेत. तिऱ्हाइतानं ओळख द्यावी."

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "हे बरोबर आहे," ते म्हणाले. "ओळख तर लागेल."

"आणि साहेब," चोपकरला आता फारच गोडी लागली होती, "ज्याचं नाव घेतलं तो सुखदेव मारबते याच सभागृहात हजर आहे. त्यालाच विचारा."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मीही वळले. आता कोणाला कळणार होतं. वडील उठून उभे राहिले. चौकीदाराचा खाकी शर्ट, हातात काठी. केस पांढरे झालेले. त्यांनी डहाक्यांकडे पाहिलं, मग आईकडे, मग एकदा माझ्याकडे. मला पाहून त्यांची नजर लगेच खाली गेली. त्यांना माहीत होतं मी कोण ते.

"ही बाई तुमची पत्नी दुर्पता मारबते आहे का?" साहेबांनी विचारलं.

मी मनात म्हणत होते, फक्त हो म्हणा. एक अक्षर. इतक्या वर्षांत तुम्ही आम्हाला काही दिलं नाही, एवढं एक अक्षर द्या. तेवढ्यावर बोडी वाचते.

वडिलांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "साहेब, लय वर्सं झाले," ते म्हणाले. "मानूस बदलून जाते. मी पक्कं नाही सांगू शकत."

ते खाली बसले. सभागृहात कोणी हसलं नाही. भागरथाकाकू काहीतरी पुटपुटली, ते इथं लिहिण्यासारखं नाही. आई जागची हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही, दुःखही नाही. तिला या उत्तराचं नवल वाटलं नव्हतं, एवढंच. मला मात्र इतकं लागलं की डोळ्यांपुढची ओळ दिसेना.

"मग हरकतदारांखेरीज," साहेब सगळीकडे बघत म्हणाले, "या बाईंना ओळखणारं सभागृहात कोणी आहे का?"

मुख्याधिकारी बाजूच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात आदल्या दिवशीचं सगळं बोलणं होतं. आईनंही आता पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. नाही म्हणून. ती मान हलवणं मी लहानपणापासून ओळखत होते. जत्रेत काही मागितलं की ती अशीच मान हलवायची आणि मी गप्प व्हायचे.

कोणी उठलं नाही. साहेबांनी आणखी थोडी वाट पाहिली. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "लिहा. हरकतदाराची ओळख..."

मी पेन्सिल खाली ठेवली आणि उभी राहिले.

"मी ओळखते, साहेब."

"तुम्ही?"

"हो."

"तुम्ही कोण? पूर्ण नाव सांगा."

"हेमलता सुखदेव मारबते," मी म्हणाले. मी काही कोणाची बायको नव्हते, मला नाव सांगायला कसलीच अडचण नव्हती. "ही माझी आई, दुर्पता सुखदेव मारबते. शिंगाडा बोडीच्या उथळ पाण्याचा ठेका हिच्याच नावावर आहे. तिनं लावलेले शिंगाडे विकून मी शिकले. आणि मागे खाकी शर्टात बसलेत ते माझे वडील. त्यांना ओळख पटत नसली तरी मला त्यांची पटते."

चोपकर उठला. "साहेब, ही तर नगरपरिषदेची कर्मचारी... हिचा हितसंबंध..."

"हिचा प्लॉट आहे का ले-आउटात?" साहेबांनी विचारलं.

"नाही, पण..."

"ठेक्यात भागीदार आहे?"

"नाही."

"मग तुम्हाला तिऱ्हाईत हवं होतं ते मिळालं. आईला ओळखणाऱ्या मुलीपेक्षा मोठा साक्षीदार मी कुठून आणू?" साहेब माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा काही मऊ झाला नव्हता, ते तसे कोरडेच माणूस होते. "बसा. आणि तुम्ही काय बोललात ते लिहा. शब्द बदलू नका."

मी बसले आणि स्वतःचाच जबाब स्वतःच्या हातानं लिहिला. 'त्यांना ओळख पटत नसली तरी' हे शब्द लिहिताना पेन्सिल जरा जास्त दाबली गेली. मी एकही शब्द बदलला नाही.

साहेबांनी सगळ्या हरकती कायम ठेवल्या. पुढच्या पावसाळ्यात ते स्वतः पाहणीला आले. 'सरोवर विहार'च्या मधल्या सडकेवरून त्यांना डोंग्यातून फिरावं लागलं, आणि तो रंग हिरवाच राहिला. ट्रक केव्हाच दुसरीकडे गेले होते. चोपकरनं नंतर आमच्या टोलीची एकही केस घेतली नाही, म्हणजे आम्ही त्याला दिली नाही. वडील काही दिवस त्या पाटीखाली बसत राहिले. पाटी गेली तेव्हा तेही गेले, कुठं ते आम्ही विचारलं नाही.

सुनावणी संपल्यावर मुख्याधिकाऱ्यांनी मला केबिनमध्ये बोलावलंसुद्धा नाही. व्हरांड्यातच म्हणाले, "सांगितलं होतं ना? उद्यापासून येऊ नकोस." मी म्हणाले, "आजचे पैसे द्या." त्यांनी दिले.

बाहेर आले तर आई टाकीखाली माझी वाट बघत उभी होती. बाकीच्या बायका पुढे निघून गेल्या होत्या, त्यांचं हसणं रस्त्यावरून ऐकू येत होतं. आम्ही दोघी टोलीकडे चालायला लागलो. मला वाटलं, रडेल. किंवा पाठीवर हात ठेवेल. आई असली तर काय, तिला असलं काही करता यायचं नाही.

"गेली नं नोकरी?" शेवटी तिनं विचारलं.

"गेली."

"मी मान हालोली होती."

"दिसली मला."

"मंग काऊन उठली?"

"तू घेतलंस की त्यांचं नाव," मी म्हणाले. "इतक्या वर्षांत कधी घेतलं नाहीस ते. मग मला बसून कसं राहवेल?"

ती चालत राहिली. बोडीच्या पाळीवर चढून ती थांबली, लुगडं खोचलं आणि पाण्याकडे बघितलं. उथळ पाण्यात शिंगाड्याची पानं पसरली होती, सकाळी अर्धी तोड राहिली होती ती तशीच होती.

"बोलली तू चांगली," ती म्हणाली. "सारं बरोबर बोलली. थ्याले वडील म्हनलं, तेवढं जास्त झालं."